पहिला महिना

औषध मारावं तर सुनीलनंच, असं महाडच्या खालच्या अंगाला कलिंगडं लावणारे सगळे म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, सुनीलला ते ऐकायला आवडायचं. वाडी त्याची वर, पोलादपूरच्या डोंगरात. पण भातं निघाली की हा मोटारसायकलला पंप बांधून खाली उतरायचा तो होळीपर्यंत सावित्रीच्या काठाकाठानं या मळ्यातून त्या मळ्यात. मुंबईत सात वर्षं कुरिअरची पिशवी खांद्याला मारून फिरला, तिथं कुणी त्याला नावानं हाक मारली नव्हती. इथं मळेवाले फोन करून त्याची तारीख मागायचे. माणसाला आणखी काय लागतं?

त्याची एक पद्धत होती. डब्यावरचं बारीक बारीक वाचत बसणं त्याला पटायचं नाही. पिंपात पाणी घ्यायचं, औषध ओतायचं, बाही खांद्यापर्यंत सारायची आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं. काठीनं ढवळलं तर तळाला गाठ राहते, हाताला ती बरोब्बर लागते, असं त्याचं म्हणणं. नोझल तुंबलं की तोंडात धरून फुंकायचं आणि थुंकून टाकायचं. कुणी म्हटलं, अरे हातमोजे तरी घाल, तर हा विचारायचा, हातमोजे घालून कधी भात कालवलायस का? लोक हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

लग्न झालं त्या पहिल्याच हिवाळ्यात त्याची बायको ऋतिका त्याच्याबरोबर मळ्यावर जायला लागली. दिवसभर घरात सासूच्या नजरेखाली बसण्यापेक्षा हे बरं, असा तिचा सरळ हिशोब. ती हंड्यानं नदीचं पाणी आणायची, पिंप भरायची, आणि तो पंप पाठीला लावून वाकला की तांब्यानं त्यात औषधाचं पाणी ओतायची. ओतताना थोडं त्याच्या मानेवर सांडायचं; कधी चुकून, कधी मुद्दाम. तो ओरडायचा, ती हसायची. दुपारी वेलांच्या कडेला बसून दोघं भाकरी खायची. संध्याकाळी त्याचा भिजलेला शर्ट ती नदीवरच दगडावर घासायची, पिळायची आणि तसाच ओला खांद्यावर टाकून गाडीवर मागं बसायची. त्या दिवसांइतका सुनील कधी सुखी नव्हता. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही, पण तसं होतं खरं.

त्याच हिवाळ्यात तिला दिवस गेले.

पोर झालं ते दिवाळी सरता सरता. मुलगा होता. चेहरा असा की परक्यानंही उचलून घ्यावा. पण कमरेच्या वर पाठीला कातडीच नव्हती. मणक्यापाशी लिंबाएवढी पातळ फोड, आणि पाय दोन्ही गार. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी पावसात रस्ता खचला म्हणून राहिली होती, तेव्हा आधी कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी गेलं. बारशाला तीन दिवस होते, नाव ठेवायचं राहूनच गेलं.

आता सुनीलची आई, तुळसा. बाई वाईट नव्हती. सुनेच्या आठव्या महिन्यात डोक्यावरचा हंडा तिनंच काढून घेतला होता, रोज रात्री तिच्या पायांना तेल तिनंच चोळलं होतं. पण दोघं रिकाम्या हातांनी मुंबईहून परतली, आणि उंबऱ्यातच तुळसा सुनेला म्हणाली, "ग्रहनात दाभन धरलंस गो हातात. भोसकलीस पोराची पाठ."

दाभणाचं खरं होतं. भाद्रपदातल्या पुनवेला ग्रहण होतं. दुपारी वेध लागले तशी तुळसानं सुनेला आतल्या खोलीत बसवलं. काही खायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. इकडे सुनीलच्या पंपाचा पट्टा तुटलेला आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या भातावर अळीचं औषध मारायला जायचं ठरलेलं. तो गोणी शिवायचं दाभण आणि दोरा घेऊन आत गेला. "दोन टाके मार," म्हणाला. ती म्हणाली, "आई ओरडतील." तो म्हणाला, "कोन बघतंय? मी हाय ना." आणि गाडी पुसायला बाहेर निघून गेला. तेवढ्यात तुळसा आत डोकावली. तिला दिसली ती सून, आणि सुनेच्या हातातलं दाभण.

हा 'मी हाय ना' म्हणणारा पुढं वर्षभर गप्प बसला. शाबास त्याची. सांगितलं असतं तर काय झालं असतं? आई त्याच्यावर घसरली असती, दोन दिवस अबोला धरला असता, संपलं. पण सुनीलच्या तोंडातून ते बाहेर पडेना, कारण आतून त्यालाही तसंच वाटत होतं. दाभणानंच झालं, आणि दाभण आपण दिलं. ऋतिकानंही कधी त्याचं नाव घेतलं नाही. सासूचं बोलणं ती खाली मान घालून ऐकायची आणि एकदा त्याच्याकडे बघायची, एवढंच.

हे चाललं असतं अजून किती दिवस कुणास ठाऊक. पण यंदा गणपतीत शेजारची अपेक्षा आरतीला आली. तिला पाचवा महिना. ऋतिकानं प्रसादाची वाटी पुढं केली, तशी तुळसा सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "तू हिच्या हातचं नको घेऊस गो बाय. मी देते." ऋतिकानं वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि महाडकडच्या सव गावाजवळ आपल्या माहेरी निघून गेली.

सुनील तीनदा आणायला गेला. तिसऱ्या वेळी ती त्याच्याशी अंगणात बोलली. "मला मूल पायजे," ती म्हणाली. "तुलापन पायजे, मला ठाव हाय. पन त्या घरात मी पोराला भोसकनारी बाई हाय. तिथं मला दुसरं पोर नको." मग म्हणाली, तिची वहिनी पूजा हिचं बाळंतपण महाडच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी केलं, त्यांच्याकडे आधी जाऊ. "आनि तू आत यायचंस. बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत नाय राहायचंस."

डॉक्टर विनोदिनी पन्नाशीच्या, बोलायला तुटक, पण घाई नसलेल्या. त्यांनी मुंबईचे कागद सगळे वाचले, पान न् पान. मग सुनीलकडे वळल्या.

"तुम्ही काय करता?"

"शेती."

"शेतीत काय करता?"

सुनील काही बोलायच्या आत ऋतिका म्हणाली, "हे औषध मारतात. लोकांच्या मळ्यात. सगळा हंगाम." आणि लगेच, मनात वर्षभर धरून ठेवलेलं एका दमात विचारून टाकलं. "डॉक्टर, ग्रहणात मी दाभण धरलं होतं. त्यानं होतं का असं?"

सुनीलनं जमिनीकडे बघितलं. वाटलं, आता बाई हसणार. पण त्या हसल्या नाहीत.

"ग्रहणात कितवा महिना होता?"

"आठवा."

"मग ऐका. बाळाचा मणका पहिल्या महिन्यात बंद होतो. पाळी चुकली हे तुम्हाला कळतंय न कळतंय तोवर. ओठ, टाळू दुसऱ्या-तिसऱ्यात. आठव्या महिन्यात तुम्ही दाभण सोडा, पहार घेऊन बसला असतात तरी त्या पाठीला काही होणार नव्हतं. जे व्हायचं ते सात महिने आधी होऊन गेलेलं होतं."

ऋतिका रडली नाही. ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं, ते सोडलं. "म्हणजे मी नाही केलं," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही नाही केलं."

सुनीलला अंगावरून गोणी उतरवल्यासारखं हलकं वाटलं. दाभण नव्हतं. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता आईला फोन लावावा. पण डॉक्टरबाईंनी टेबलावरचं जुनं कॅलेंडर ओढून घेतलं होतं आणि त्या मागची पानं उलटत होत्या. ऋतिकाच्या शेवटच्या पाळीची तारीख कागदावर होती, तिथून त्या मोजत एका पानावर थांबल्या.

"जानेवारीचा शेवट," त्या म्हणाल्या. "तेव्हा काय चाललं होतं तुमचं?"

जानेवारी म्हटल्यावर सुनीलच्या डोळ्यांपुढं आधी ती नदी आली, आणि मानेवर सांडलेलं पाणी. मग त्याला कळलं बाई काय विचारतायत ते.

त्यानं सगळं सांगितलं. कोपरापर्यंतचा हात, नोझलची फुंकर, दिवसाचे चाळीस पंप. ती तांब्यानं ओतायची ते. तिनं धुतलेले शर्ट. मधे कुठं थांबला की डॉक्टरबाई म्हणायच्या, हं, पुढं.

"हे त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "ते कुणीच सांगू शकणार नाही. जीवनसत्त्व कमी असेल, घराण्यात काही असेल, कधी कधी कारण सापडतच नाही. पण ज्या आईवडिलांच्या अंगावर अशी औषधं पडतात, त्यांच्या मुलांत असे दोष थोडे जास्त दिसलेत. आईच्याच नाही, वडिलांच्याही. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तुमचाही प्रश्न येतो यात."

"पुढच्या वेळेला काय करायचं?" ऋतिकानं विचारलं.

"दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून तुम्ही या गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. आणि तीन महिने आधीपासून यांनी पंपाला हात लावायचा नाही. तुम्ही त्या कपड्यांनाही नाही."

"हंगाम आता सुरू होतोय," सुनील म्हणाला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि गोळ्या लिहायला लागल्या.

गाडी दवाखान्याजवळच्या तळ्याच्या कडेला लावली होती. सुनीलनं किल्ली काढली, पण लावली नाही. ऋतिका त्याच्यासमोर उभी राहिली. "घरी चल म्हनतोस ना? येते," ती म्हणाली. "आजच येते. पन आत पाय ठेवायच्या आधी तू आईंना सांगायचंस. दाभनाचंपन आनि जानेवारीचंपन. मी सांगनार नाय. मी सांगितलं तर ते माझं सुटायचं निमित्त होईल."

सवला जाऊन तिची पिशवी घेतली आणि दोघं पोलादपूरच्या वाटेला लागली. गाडी चालवताना सुनीलच्या मनात येत होतं, दाभण परवडलं असतं. दाभण म्हणजे दोन टाके. चूक झाली, माफ करा म्हणता आलं असतं. पण जानेवारी? त्याच्याजवळ सुखाचे म्हणून जे दिवस होते ते हेच होते, आणि ते आता पुन्हा तसे आठवता येणार नव्हते. त्याचा त्याला राग आला. कुणाचा आला ते कळेना. डॉक्टरबाईंचा, औषध विकणाऱ्याचा, 'सुनीलनंच मारावं' म्हणणाऱ्या मळेवाल्यांचा, आणि फिरून फिरून आपल्या उजव्या हाताचा.

पोलादपूरच्या स्टँडपाशी फोन वाजला. मळेवाला होता, तारीख मागत होता.

"यंदा नाय जमनार," सुनील म्हणाला.

"का रे, दुसरा कोन जास्त देतोय काय?"

"नाय. मारनार नाय यंदा. आमाला पोर पायजे." पलीकडचा काय समजायचं ते समजो, त्यानं फोन बंद केला. मागं ऋतिकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी पोचली तेव्हा ऊन अंगणात होतं. पडवीत तुळसा सूप मांडीवर घेऊन नाचणीतले खडे काढत होती. सुनीलचा बाप पांडू भिंतीला टेकून दोरी वळत बसला होता. दिवसाला दहा शब्द बोलायचा नाही असा माणूस. ऋतिका अंगणाच्या कडेलाच थांबली, पिशवी हातात तशीच.

"आलीस," तुळसा म्हणाली. सुरात राग नव्हता. "मग उन्हात का उभी? ये आत."

"हे बोलनार हायत काय ते. मग येते."

तुळसानं लेकाकडे बघितलं. सुनीलनं घसा खाकरला. घाट चढताना जुळवलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं, म्हणून तो सरळ म्हणाला, "आये, ते दाभन मी दिलेलं. ती नको म्हनत व्हती. पंपाचा पट्टा माझा तुटलेला. मीच म्हटलं, दोन टाके मार."

सूप थांबलं. "आनि वरीसभर ऐकत बसलास?"

"बसलो."

"वा रे लेका."

"अजून हाय. दाभनानं झालंच नाय, आये." आणि मग त्यानं सांगितलं. पाठ पहिल्या महिन्यात बंद होते, ओठ-टाळू पुढच्या दोन महिन्यांत, आठव्या महिन्यात काही बिघडत नाही. पहिला महिना म्हणजे जानेवारी, आणि जानेवारीत तो दिवसभर औषधात बुडालेला आणि ही त्याच्या शेजारी. "नक्की कोन सांगू शकत नाय असं डॉक्टरबाई बोलल्या. पन झालं असंल तर ते माझ्यापासनं, हिच्यापासनं नाय. हे तुला सांगायला आलो."

"डॉक्टर काय, सांगतील ते," तुळसा म्हणाली. "तुजा बाप जलमभर भातावर पावडर मारत आला. त्याला काय झालं? तू नाय झालास चांगला धडधाकट? पावडरीनं पोरं बिघडत असती तर..."

सुनीलला वाटलं, शब्द शोधतेय. तिनं सुपातली नाचणी एका बाजूला सारली, परत दुसऱ्या बाजूला सारली.

"पयला महिना कसा काढायचा?" तिनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"जन्मला तिथनं नऊ महिने मागं."

तुळसा अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागली. आषाढ म्हणाली, ज्येष्ठ म्हणाली, वैशाख, चैत्र. मधे चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. शेवटी थांबली ती आश्विनावर.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली. "आश्विनात भात पोटरीतनं बाहेर पडला की तुमी पावडर मारायचेव ना? ढेकन्या किडा पडायचा तवा."

पांडूचे हात दोरीवर थांबले. "हां."

"गोनपाटाच्या पिशवीत भरून, झटकत झटकत."

"हां."

"आनि पिशवी भरून द्यायला मी. केसांत बसायची पांढरी, दोन-दोन दिवस जायची नाय."

"आपल्याला कोनी सांगितलंच नाय," पांडू म्हणाला.

"कुनाचं मोजतेस तू, आये?" सुनीलनं विचारलं. त्याचा जन्म तर माघातला.

"तुज्या आदीची," तुळसा म्हणाली. "मुलगी व्हती. वठ वरपर्यंत फाटलेला, टाळूपन. दूध वढता येईना तिला. कापसानं पाजलं, नाकातनं यायचं. सहा दिवस व्हती."

सुनीलला बहीण होती हे त्याला आज, तिसाव्या वर्षी, अंगणात उभं राहून कळत होतं. त्यानं बापाकडे बघितलं. पांडू दोरीकडे बघत होता.

"माझी सासू म्हनाली, फाल्गुनातल्या ग्रहनात तू फनस कापलास," तुळसा सांगत होती, आता कुणाकडेच न बघता. "कवळा फनस व्हता, भाजीचा. मला ठावपन नव्हतं ग्रहन हाय ते. जाईपर्यंत बोलत व्हती म्हातारी. आनि मी ऐकून घेतलं, मला वाटलं खरंच हाय. म्हनून तर मी हिला..." तिनं ऋतिकाकडे बघितलं.

ऋतिकानं पिशवी अंगणातच ठेवली. पडवीत आली, सासूच्या शेजारी बसली. सूप उचलून बाजूला केलं.

"पावडरीनंच झालं असंपन कोन म्हनू शकत नाय, आई," ती म्हणाली. "माझ्यासारखंच. कोनालाच नक्की सांगता येत नाय."

"नसंल सांगता येत." तुळसानं आपला हात पुढं केला, पेरं वर करून. "पन फाल्गुन कितवा, ते बघ. माझं चुकतं."

ऋतिकानं तिचं बोट धरलं आणि आश्विनापासून सुरू केलं. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. "सहावा," ती म्हणाली.

"सहाव्यात वठ..."

"सहाव्यात ओठ झालेला असतो, आई. कधीचाच."

"म्हंजे फनसानं नाय."

"नाय आई. फनसानं नाय."

तुळसानं मान हलवली. मग पदर तोंडाला लावला आणि रडली, लहान मुलीसारखी, नवऱ्यादेखत, लेकादेखत, आणि सून तिचं बोट धरून तशीच बसून राहिली. छत्तीस वर्षं तुळसानं फणसाचा गरा तोंडात घातला नव्हता. सुनीलला वाटायचं, आईला आवडत नाही.